तरत्या बिंदूचे अंकगणित : वैज्ञानिक संगणनाच्या विश्वासार्हतेचा पाया

बीजसंज्ञा : फ्लोटिंग पॉइंट, निकटन, त्रुटी, आयईईई ७५४ मानक, वैज्ञानिक संगणन

प्रस्तावना :

संगणकाने दिलेले उत्तर चुकत नाही, ही समजूत आज महाविद्यालयीन वर्तुळातही दृढमूल झालेली दिसते. प्रयोगशाळेतील निरीक्षण नोंदविताना संशोधक त्रुटीची मर्यादा आवर्जून देतो. परंतु त्याच निरीक्षणांवर संगणकाने केलेल्या आकडेमोडीत त्रुटी किती शिरली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पडद्यावर दशांशचिन्हापुढे पंधरा अंक उमटले की ते पंधराही अंक खरे आहेत, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः वास्तव संख्या अनंत आहेत आणि संगणकाची स्मृती मर्यादित आहे. अनंताला मर्यादित जागेत बसविताना काहीतरी गाळावे लागते. काय गाळावे, किती गाळावे आणि गाळल्याची नोंद कशी ठेवावी, याचे शास्त्र म्हणजे तरत्या बिंदूचे अंकगणित, अर्थात फ्लोटिंग पॉइंट अंकगणित होय.

हे अंकगणित विश्वासार्ह व्हावे म्हणून त्याची रचना कशी करण्यात आली, ती रचना कोठे अपुरी पडते आणि संगणकावर विसंबणाऱ्या संशोधकाची जबाबदारी कोठून सुरू होते, या तीन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागापुरता नाही. भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र अशा ज्या ज्या विषयात आकडेवारीचे विश्लेषण होते, त्या प्रत्येक विषयाशी त्याचा संबंध पोहोचतो.

संख्येचे संगणकीय रूप :

अतिशय मोठ्या किंवा अतिशय लहान संख्या लिहिण्यासाठी विज्ञानाचे विद्यार्थी सार्थ अंक आणि दहाचा घात अशी मांडणी करतात. संगणकातही तीच कल्पना वापरली जाते. फरक इतकाच की पाया दहाऐवजी दोन असतो. प्रत्येक संख्येचे चिन्ह, घातांक आणि सार्थ अंक असे तीन भाग साठविले जातात. घातांक बदलला की बिंदूची जागा सरकते, म्हणून या पद्धतीस तरत्या बिंदूची पद्धत म्हणतात. जर्मनीत कोनराड झुझे यांनी १९४१ साली पूर्ण केलेल्या झेड-३ या यंत्रात द्विमान पद्धतीचे असे अंकगणित वापरले होते.

आज सर्वत्र प्रचलित असलेल्या ६४ बिटांच्या म्हणजे ‘डबल’ स्वरूपात १ बिट चिन्हासाठी, ११ बिट घातांकासाठी आणि ५२ बिट सार्थ अंकांसाठी राखलेले असतात. अग्रस्थानचा १ हा अंक अध्याहृत असल्याने प्रत्यक्षात ५३ बिटांची अचूकता मिळते. दशमान पद्धतीत हे सुमारे १६ सार्थ अंक होतात. ३२ बिटांच्या ‘सिंगल’ स्वरूपात ही अचूकता २४ बिटांची, म्हणजे सुमारे ७ अंकांची असते.

पहिली अडचण संख्या साठवितानाच येते. एक तृतीयांश हा अपूर्णांक दशमान पद्धतीत ०.३३३… असा अखंड चालतो, हे शाळेतच शिकविले जाते. द्विमान पद्धतीत मात्र एक दशांशाचीही तीच गत होते. ०.१ ही साधी संख्या दोनच्या पायात ०.०००११००११००११… अशी न संपणारी होते. त्यामुळे ती ५३ बिटांवर तोडावी लागते आणि साठविलेली किंमत ०.१ पेक्षा किंचित अधिक असते. परिणामी डबल स्वरूपात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ च्या बरोबर येत नाही. ०.१ ही संख्या क्रमाने दहा वेळा मिळविली, तर उत्तर १ न येता ०.९९९९९९९९९९९९९९९९ असे येते.

ही त्रुटी नगण्य वाटते. परंतु ती साचत जाते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला इराकचे स्कड क्षेपणास्त्र अडविता आले नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. या यंत्रणेचे घड्याळ काळ एक दशांश सेकंदाच्या एककात मोजत असे आणि सेकंद काढण्यासाठी त्या मोजणीला ०.१ ने गुणले जाई. ही ०.१ ची किंमत २४ बिटांवर तोडलेली होती. हे अंकगणित तरत्या नव्हे, तर स्थिर बिंदूचे होते. परंतु दोष तोच होता. प्रत्येक एककामागे सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची चूक होत होती. यंत्रणा सुमारे १०० तास अखंड चालू होती. तेवढ्या वेळात एककांची संख्या ३६ लाख झाली आणि एकूण चूक सुमारे ०.३४ सेकंदापर्यंत पोहोचली. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे क्षेपणास्त्र तेवढ्या अवधीत अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणेने ते भलत्याच ठिकाणी शोधले. दुरुस्त केलेली आज्ञावली धाहरानला पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

निकटनाची रीत आणि तिचे परिणाम :

संख्या तोडण्याची रीत ही केवळ तांत्रिक तपशिलाची बाब नाही, हे कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९८२ च्या जानेवारीत तेथील निर्देशांक १००० या अंकापासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि दशांशचिन्हानंतरचे तीन अंक ठेवून पुढचे अंक सरळ छाटले जात. छाटणी नेहमी एकाच दिशेने होत असल्याने प्रत्येक वेळी निर्देशांक किंचित घटत असे. सुमारे २२ महिन्यांनी, १९८३ च्या नोव्हेंबरात, तो ५२४ च्या आसपास उतरला होता. योग्य रीतीने पुन्हा गणना केली असता तो १०९८ हून अधिक भरला. म्हणजे प्रत्यक्षात वधारलेला बाजार आकडेमोडीत निम्म्यावर आला होता.

या अनुभवाचा अर्थ असा की, त्रुटी टाळता येत नसली तरी ती एकाच बाजूला झुकणार नाही, अशी व्यवस्था करता येते. म्हणूनच आधुनिक मानकात निकटन, म्हणजेच राउंडिंग, सर्वांत जवळच्या संख्येकडे केले जाते आणि दोन संख्या सारख्याच अंतरावर असतील तर जिचा शेवटचा बिट सम आहे ती निवडली जाते. अशा रीतीने वरच्या व खालच्या दिशेच्या चुका दीर्घकाळात परस्परांना बऱ्याच अंशी काटतात.

मानकापूर्वीची अनागोंदी :

१९६० आणि १९७० च्या दशकांत प्रत्येक उत्पादकाचे अंकगणित वेगळे होते. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० या संगणकमालेत पाया दोनऐवजी सोळा होता. तिच्या दुहेरी अचूकतेच्या अंकगणितात आरंभी एका अतिरिक्त रक्षक अंकाची सोय नव्हती. रक्षक अंकाचे महत्त्व एका लहान उदाहरणाने समजते. तीन सार्थ अंकांच्या काल्पनिक यंत्रावर १०.० मधून ९.९९ वजा करावयाचे आहेत. बिंदू जुळविण्यासाठी दुसरी संख्या एक स्थान उजवीकडे सरकते आणि तिचा शेवटचा ९ गळून पडतो. मग वजाबाकी १०.० वजा ९.९ अशी होऊन उत्तर ०.१ येते. खरे उत्तर ०.०१ आहे, म्हणजे चूक दहापटीची झाली. एक जादा अंक तात्पुरता राखला असता, तर उत्तर तंतोतंत आले असते. पुढे १९६७ मध्ये आयबीएमने रक्षक अंकाची सोय केली आणि आधी बसविलेल्या यंत्रांतही ती करून द्यावी लागली.

एकच आज्ञावली दोन यंत्रांवर दोन उत्तरे देई आणि त्यांतील खरे कोणते, हे सांगण्याचे साधन नसे. या परिस्थितीतून १९७७ साली मानक तयार करण्याच्या प्रयत्नांना सुरुवात झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक विल्यम कहान हे या प्रयत्नांचे अग्रणी होत. इंटेल कंपनीच्या ८०८७ या गणिती सहप्रोसेसरच्या रचनेतही त्यांचा सल्ला घेण्यात आला होता. ही चिप १९८० मध्ये बाजारात आली. दीर्घ वादविवादानंतर १९८५ साली आयईईई ७५४ हे मानक स्वीकृत झाले. १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार कहान यांना देण्यात आला. या मानकाच्या सुधारित आवृत्त्या २००८ व २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

मानकाची मूलतत्त्वे :

या मानकाची रचना पुढील चार तत्त्वांवर उभी आहे.

१) अचूक निकटन : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचे उत्तर असे यावे की जणू क्रिया अनंत अंकांपर्यंत केली आणि शेवटी एकदाच निकटन केले. त्यासाठी प्रत्यक्षात अनंत अंकांची गरज नसते. बेरीज-वजाबाकीसाठी तीन जादा बिट पुरतात. या तत्त्वामुळे डबल स्वरूपातील एका क्रियेची सापेक्ष त्रुटी, उत्तर संख्यांच्या सामान्य मर्यादेत असेपर्यंत, २ चा उणे ५३ वा घात, म्हणजे सुमारे एक भागिले नव्वद कोटी कोटी इतक्या मर्यादेत राहते, याची हमी मिळते. ही हमी असल्याशिवाय त्रुटीचे कोणतेही गणिती विश्लेषण शक्य नाही.

२) क्रमशः क्षय : संख्या अत्यंत लहान झाली की तिला एकदम शून्य न करता सार्थ अंक कमी कमी करीत शून्याकडे नेले जाते. हा मुद्दा समितीत सर्वाधिक वादाचा ठरला, कारण त्यामुळे यंत्ररचना अवघड होते. परंतु त्यामुळेच एक साधा नियम अबाधित राहतो : दोन संख्या भिन्न असतील, तर त्यांची वजाबाकी शून्य येणार नाही. हा नियम मोडला, तर दोन संख्या भिन्न आहेत हे तपासून मगच त्यांच्या वजाबाकीने भागणारी आज्ञावलीही शून्याने भागून बसेल.

३) अनंत आणि ‘संख्या नव्हे’ : शून्येतर संख्येला शून्याने भागल्यास अनंत, आणि शून्याला शून्याने भागल्यास ‘संख्या नव्हे’ असे विशेष चिन्ह मिळते. हे चिन्ह पुढील अंकगणिती क्रियांतून वाहत जाते आणि गणना कोठेतरी निरर्थक झाली, हे शेवटी उघड करते.

४) निशाणे : निकटन, अतिप्रवाह, क्षय, शून्याने भागाकार व अवैध क्रिया अशा पाच प्रसंगी यंत्रात निशाण उभे राहते. ते पाहावयाचे की नाही, हे आज्ञावलीकारावर सोपविलेले आहे.

मानकापलीकडील धोके :

मानक एका क्रियेची हमी देते. क्रियांच्या मालिकेची नव्हे. बीजगणितातील काही परिचित नियम येथे टिकत नाहीत. डबल स्वरूपात १० च्या १६ व्या घातात १ मिळवून त्यातून तोच घात वजा केला, तर उत्तर शून्य येते. कारण तेथे लगतच्या दोन संख्यांत २ चे अंतर असते आणि मिळविलेला १ निकटनात नाहीसा होतो. आधी वजाबाकी करून मग १ मिळविला, तर उत्तर १ येते. म्हणजे बेरजेचा साहचर्य नियम येथे लागू पडत नाही. एकच बेरीज अनेक प्रोसेसरांवर वाटून केली असता प्रत्येक वेळी शेवटचे अंक निराळे येण्याचे कारणही हेच आहे.

सर्वांत घातक प्रकार जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीचा आहे. क्ष वर्ग वजा दहा कोटी क्ष अधिक १ बरोबर शून्य, हे वर्गसमीकरण घ्यावे. त्याचे लहान मूळ जवळजवळ तंतोतंत ०.०००००००१ आहे. पाठ्यपुस्तकातील सूत्र डबल स्वरूपात वापरले असता उत्तर सुमारे ०.०००००००००७४५ च्या दहापट, म्हणजे ०.००००००००७४५ येते. चूक २५ टक्क्यांची झाली आणि कोणतीही सूचना मिळाली नाही. उपाय सोपा आहे : मोठे मूळ सूत्राने काढावे आणि दोन्ही मुळांचा गुणाकार १ आहे, या ज्ञात गुणधर्मावरून लहान मूळ काढावे. दोष यंत्राचा नव्हता. सूत्र गणितदृष्ट्या शुद्ध असले तरी गणनेस अयोग्य होते.

संख्याशास्त्रात हाच धोका प्रचरण काढताना संभवतो. वर्गांच्या बेरजेतून बेरजेच्या वर्गाचा सरासरी भाग वजा करण्याचे सूत्र हाताने गणित करण्यास सोयीचे म्हणून शिकविले जाते. १,००,००,००,००१, १,००,००,००,००२ आणि १,००,००,००,००३ ही तीन निरीक्षणे घेतल्यास विचलनांच्या वर्गांची बेरीज उघडपणे २ आहे. परंतु या सूत्रातील दोन्ही पदे इतकी मोठी आहेत की त्या ठिकाणी डबल स्वरूपातील लगतच्या संख्यांत ५१२ चे अंतर असते. त्यामुळे वजाबाकी शून्य येईल किंवा ५१२ च्या पटीत येईल, प्रसंगी ऋणही येईल. पण २ कधीच येणार नाही. आधी सरासरी काढून मग विचलनांचे वर्ग केले, तर उत्तर बरोबर येते. मायक्रोसॉफ्ट एक्सेलमध्ये प्रमाण विचलनासाठी २००३ च्या आवृत्तीपासून ही सुरक्षित रीत स्वीकारण्यात आली. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांवर अशा प्रकारच्या आकडेवारीचे विश्लेषण झाले असल्यास त्याची फेरतपासणी करणेच श्रेयस्कर.

अध्यापनाच्या दृष्टीने हरात्मक श्रेणीचे उदाहरणही बोलके आहे. १ अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश… ही श्रेणी अपसारी आहे, हे पदवीच्या वर्गात सिद्ध केले जाते. सिंगल स्वरूपात ती क्रमाने मिळवीत गेल्यास सुमारे २१ लाख पदांनंतर बेरीज १५.४०३ वर थांबते आणि कितीही पदे मिळविली तरी पुढे सरकत नाही. केवळ संगणकाच्या आधारे निष्कर्ष काढणारा विद्यार्थी ही श्रेणी अभिसारी ठरवील. अशा दीर्घ बेरजांसाठी कहान यांनी १९६५ मध्ये एक रीत प्रसिद्ध केली. प्रत्येक बेरजेत गळालेला भाग वेगळा राखून तो पुढच्या पदात मिळविणे, हे तिचे सूत्र होय.

निशाणाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे ४ जून १९९६ रोजी युरोपच्या एरियान-५ अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात दिसले. आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांची तरत्या बिंदूची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतरित केली जात होती. अशा पूर्णांकात ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. आज्ञावली एरियान-४ वरून उचललेली होती. नव्या अग्निबाणाचा वेग अधिक होता. अपवाद उद्भवला, तो हाताळण्याची तरतूद नव्हती, दिशादर्शक यंत्रणा बंद पडली आणि उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. विशेष म्हणजे उड्डाणानंतर त्या गणनेची आवश्यकताच उरलेली नव्हती.

यंत्राची सिद्धता :

मानक कागदावर निर्दोष असले तरी ते चिपमध्ये निर्दोषपणे उतरले आहे, हे कसे ठरवावे? अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते. १९९४ साली त्यांना आपल्या उत्तरांत विसंगती आढळली. त्यांनी आपली आज्ञावली, संकलक आणि अन्य घटक एकेक करून तपासले, वेगवेगळ्या यंत्रांवर गणना केली आणि दोष पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात असल्याचे निश्चित केले. भागाकारासाठी वापरलेल्या कोष्टकात काही नोंदी राहून गेल्या होत्या. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले असता १.३३३८२ ऐवजी १.३३३७४ असे उत्तर येई. सामान्य वापरकर्त्याला अशी चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, असे कंपनीने आरंभी सांगितले. डिसेंबर १९९४ मध्ये मात्र मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे तिने जाहीर केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला.

६४ बिटांच्या दोन संख्यांच्या सर्व जोड्या तपासून पाहणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. म्हणून चाचणीऐवजी गणिती सिद्धता देण्याची पद्धत पुढे आली. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीने टी-८०० या ट्रान्सप्युटर चिपच्या फ्लोटिंग पॉइंट विभागासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ही पद्धत वापरली होती. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच ट्रान्सप्युटर कुळातील चिपांवर उभारलेला होता, ही बाब महाराष्ट्रातील वाचकांसाठी उल्लेखनीय आहे. पेंटियम प्रकरणानंतर प्रोसेसर उद्योगात संगणकसाहाय्यित सिद्धतांचा वापर लक्षणीयरीत्या वाढला.

दुसरीकडे नवे प्रश्नही निर्माण झाले आहेत. यंत्र-अध्ययनासाठी गती व स्मृतीची बचत करणारी १६ बिटांची स्वरूपे रूढ झाली आहेत. त्यांपैकी बीफ्लोट-१६ या स्वरूपात केवळ ८ सार्थ बिट असतात. त्यात २५६ अधिक १ बरोबर २५६ च राहतात. अशी यंत्रे वैज्ञानिक गणनेसाठी वापरताना कमी अचूकतेने स्थूल उत्तर काढावयाचे आणि अधिक अचूकतेने ते सुधारत न्यावयाचे, अशी मिश्र रीत अवलंबिली जाते. ती कोठे लागू पडते, हे समस्येच्या संवेदनशीलतेवर अवलंबून असते.

संशोधकाची जबाबदारी :

वरील विवेचनावरून व्यवहारात पाळण्याजोगी काही पथ्ये निघतात. महत्त्वाची गणना सिंगल व डबल अशा दोन्ही स्वरूपांत करून उत्तरे ताडून पाहावीत. शक्य असल्यास निकटनाची दिशा बदलून किंवा बेरजेचा क्रम बदलून तीच गणना पुन्हा करावी. उत्तरातील जे अंक बदलतात, त्यांवर भिस्त ठेवू नये. उत्तरे जुळली म्हणजे ती खरी ठरली असे मात्र नव्हे. न जुळल्यास संशयाला जागा आहे, एवढे निश्चित. दोन दशांश संख्या समान आहेत काय, अशी थेट तुलना टाळावी. पैशांचे हिशेब पूर्णांकांत किंवा २००८ च्या आवृत्तीने मान्य केलेल्या दशमान स्वरूपात ठेवावेत. आधारसामग्री तीन सार्थ अंकांची असताना निष्कर्ष आठ अंकांत मांडू नयेत. शोधनिबंधात वापरलेल्या आज्ञावलीचे नाव, आवृत्ती आणि संख्यास्वरूप यांची नोंद द्यावी.

समारोप :

तरत्या बिंदूचे अंकगणित हा अचूकता आणि मर्यादित साधने यांच्यातील एक विचारपूर्वक केलेला करार आहे. मानक एका क्रियेची हमी देते, यंत्ररचनाकार ती चिपमध्ये उतरवितो, आज्ञावलीकार क्रियांचा क्रम ठरवितो आणि संशोधक उत्तराचा अर्थ लावतो. या साखळीतील कोणतीही कडी निखळली, तरी पडद्यावरील आकडा पूर्वीइतकाच नेटका दिसतो. हीच खरी अडचण आहे. पेंटियममधील दोष जगापुढे आणला तो एका महाविद्यालयातील प्राध्यापकाने, आणि तेही न जुळणाऱ्या अंकांना क्षुल्लक मानून सोडून न दिल्यामुळे. तशी सवय विद्यार्थ्यांना लावावयाची असेल, तर संख्यात्मक त्रुटीचा परिचय केवळ संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात न ठेवता संशोधनपद्धतीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात अंतर्भूत होणे आवश्यक आहे.